नावाआधी झेड

"मग नावाआधी एक झेड लाव."

हे वाक्य मी माझ्या तोंडाने, पूर्ण शुद्धीत, हातात चहाचा कप असताना म्हटलेलं आहे. समोर आमच्या गटात दीड वर्षापूर्वी आलेली सहकारी उभी होती. तिला एका फाईलचं नाव बदलायचं होतं. फाईलचं नाव 'स्लिप'. पूर्वी तिच्यात दुधाची पावती छापण्याचं काम तेवढं होतं. आता शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिलही तिथेच तयार व्हायला लागलं होतं, म्हणून तिला त्या फाईलला 'बिल' म्हणायचं होतं. मागणी रास्त होती. पण आमच्या प्रोग्राममध्ये त्या फाईलचं नाव 'बी' या इंग्रजी अक्षराने सुरू झालं असतं, तर गावोगावच्या दुधाचा दर शून्य झाला असता. हे मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर फक्त मलाच माहीत होतं. म्हणून अनुभवी माणसाच्या शांतपणाने मी तोडगा सांगितला : 'झेडबिल' ठेव, म्हणजे यादीत शेवटी येईल.

"आणि सर, पुढे त्याच्याही नंतरचं काही आलं तर?" तिने विचारलं.

"झेडझेड."

हे मी गमतीत म्हणालो, असं नंतर मी दोघा-तिघांना सांगितलं. ते खोटं आहे. तेव्हा मी गंभीर होतो.

या धंद्याशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं मागे जातो. गावच्या दूध संकलन केंद्रावर टेबलावर एक डबा ठेवलेला असतो. एका बाजूने त्याला वजनकाटा जोडलेला, दुसऱ्या बाजूने फॅट मोजणारं यंत्र, तिसरीकडे पावती छापणारा छोटा प्रिंटर. शेतकरी किटली रिकामी करतो, फॅट आणि एसएनएफचे (म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागाचे) आकडे येतात, डब्यातला प्रोग्राम दरपत्रकातली नेमकी चौकट शोधतो आणि पावती छापतो. आपल्याकडे गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो. दूध त्याच्या वर-खाली गेलं की दर चौकटीचौकटीने हलतो. तो डब्यातला प्रोग्राम आम्ही पुण्यात बसून लिहितो. भाषा सी प्लस प्लस. मूळ कोड माझा, २०१४ सालचा.

त्या कोडमध्ये मी चार ग्लोबल ऑब्जेक्ट ठेवले होते, चार फाईलींत चार. 'कॉन्फिग'मध्ये केंद्राची सगळी सेटिंग्ज. 'लॉग'मध्ये काय घडलं त्याची नोंद, आणि ती नोंद कुठल्या जागी लिहायची हे ते कॉन्फिगला विचारतं. 'रेट्स' दरपत्रक वाचतं आणि वाचल्याची नोंद लॉगमध्ये करतं. 'स्लिप' सुरुवातीलाच रेट्सकडून मूळ दर उचलून आपल्याजवळ ठेवतं. म्हणजे एकाला दुसऱ्याची गरज आणि दुसऱ्याला तिसऱ्याची. असले ग्लोबल ऑब्जेक्ट 'मेन', म्हणजे प्रोग्रामचं मुख्य फंक्शन, सुरू होण्याच्या आधीच तयार होतात. वाचकांपैकी कोणी प्रोग्रामर असेल तर त्याच्या कपाळावर एव्हाना आठी पडली असेल.

कारण भाषेचा नियम असा आहे. एकाच फाईलमधले ग्लोबल वरून खाली, लिहिलेल्या क्रमाने तयार होतात. पण ते वेगवेगळ्या फाईलींत असतील तर कोण आधी आणि कोण नंतर, याबद्दल भाषा काहीही कबूल करत नाही. व्यवहारात हे लिंकरवर, म्हणजे सगळ्या फाईली जोडून एक प्रोग्राम करणाऱ्या साधनावर जातं. लिंकरला ज्या क्रमाने फाईली दिल्या त्या क्रमाने तयार करणाऱ्या फंक्शनांची यादी लागते आणि प्रोग्राम सुरू होताना ती यादी वाचली जाते. तीही हल्ली पुढून वाचतात. काही जुन्या व्यवस्थांमध्ये ती मागून वाचली जायची, म्हणजे तोच कोड, त्याच फाईली आणि नेमका उलटा क्रम.

यात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे शून्य. असल्या ग्लोबलची जागा आधी शून्यांनी पुसून घेतली जाते, हे मात्र भाषा नक्की कबूल करते. त्यामुळे स्लिप वेळेआधी रेट्सकडे गेलं तर त्याला तिथे कचरा सापडत नाही. कचरा सापडला असता तर बरं झालं असतं, पावतीवर काहीतरी अचाट आकडा आला असता आणि कोणीतरी लगेच ओरडलं असतं. शून्य हा फार सभ्य आकडा आहे. तो गुपचूप पुढे जातो.

आता आमच्या चार नावांची इंग्रजी आद्याक्षरं बघा. सी, एल, आर, एस. वर्णक्रम आणि गरजेचा क्रम तंतोतंत एकच. नावं ठेवताना मी असला काही विचार केला नव्हता. तो निव्वळ योग होता आणि त्या योगावर आमचा प्रोग्राम तीन वर्षं चालला.

चालण्याचं आणखी एक कारण होतं, तेही मला नंतरच कळलं. मेकफाईलमध्ये, म्हणजे बिल्ड कसा करायचा ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, मी 'या फोल्डरमधल्या सगळ्या फाईली घे' अशा अर्थाची एक ओळ लिहिली होती. ग्नू मेकच्या ३.८१ या आवृत्तीपर्यंत ती ओळ फाईली वर्णक्रमाने द्यायची. तसं वचन कुठे लिहिलेलं नव्हतं, सवय मात्र होती. २०१० मध्ये आलेल्या ३.८२ ने ती सवय सोडली. आमच्या जुन्या उबुंटूवर, १४.०४ वर, तेव्हाही ३.८१च होतं, म्हणून आम्हाला झळ लागली नाही. २०१७ मध्ये बिल्डचं मशीन बदललं आणि १६.०४ आलं, त्याच्यासोबत मेक ४.१ आलं. आता फाईली डिस्कवरच्या फोल्डरमध्ये ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने येऊ लागल्या. ईएक्सटी४ फाईलसिस्टीममध्ये तो क्रम नावाच्या हॅशवर ठरतो, आणि त्या हॅशचं बीज प्रत्येक डिस्क फॉरमॅट करताना वेगळं पडतं. माझ्या मशीनवर एक क्रम, बिल्डच्या मशीनवर दुसरा.

नवा बिल्ड आम्ही आधी एकाच केंद्रावर टाकून बघायचो, तेवढी अक्कल होती. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात सकाळी सहाला पहिली पावती निघाली. लिटर ६.५, फॅट ३.८, एसएनएफ ८.५, दर ०.००, रक्कम ०.००. केंद्रचालकाने फोनवर मला जे ऐकवलं त्यातलं छापण्याजोगं एवढंच की, "साहेब, आज दूध फुकट का?" त्या दिवशीच्या सगळ्या पावत्या त्याने हाताने लिहिल्या.

मी दोन रात्री त्यात घालवल्या. पहिली रात्र पूर्ण वाया गेली, कारण मी 'एलएस' करून फाईलींची यादी बघत होतो आणि ती दर वेळी मला वर्णक्रमानेच दिसत होती. एलएस स्वतः यादी लावून दाखवतो हे डोक्यातच आलं नाही. डिस्कवरचा खरा क्रम बघायचा तर त्याला मोठ्या यूचा पर्याय द्यावा लागतो. दुसऱ्या रात्री साडेतीनला तो दिला आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग मेकफाईलच्या त्या ओळीत एकच शब्द घातला, 'सॉर्ट', आणि वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत कमेंट लिहिली : हा क्रम कोणीही बदलू नये. खाली माझी आद्याक्षरं आणि तारीख.

त्या एका शब्दाचा मला किती अभिमान होता, हे लिहायला आज लाज वाटते. नवीन माणूस रुजू झाला की महिन्याभरात कधीतरी चहावर मी ती गोष्ट सांगायचो. शून्य दर, दोन रात्री, एलएसने दिलेली हुलकावणी आणि शेवटी एक शब्द. गोष्ट चांगली रंगायची. पण ती सांगताना मी एक गोष्ट कधीच सांगितली नाही, कारण ती मला दिसतच नव्हती. मी काहीही दुरुस्त केलं नव्हतं. जो योग मोडला होता, तो मी खिळा ठोकून परत जागेवर बसवला होता, एवढंच.

पुढची सात वर्षं त्या खिळ्याचा राखणदार मी होतो. नवीन फाईल आली की तिचं नाव काय ठेवायचं हे मला विचारलं जायचं. एकदा कुटुंबासह गुहागरला गेलो असताना समुद्रावर फोन आला, "सर, अमुक फाईल घातलीय, नाव एने सुरू होतंय, चालेल का?" बायको म्हणाली, सुट्टीतही सोडत नाहीत तुम्हाला. मी कपाळाला हात लावल्यासारखं केलं. आतून मला बरं वाटलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ होती आणि मी ती झाकून बसलो होतो.

तर, झेडचा सल्ला ऐकून ती गेली, आणि दोन दिवसांनी रिव्ह्यूसाठी एक बदल माझ्या नावावर आला. चार फाईली आणि मेकफाईल, एकोणीस ओळी नव्या, चौदा वगळलेल्या. फाईलचं नाव तिने बदललं नव्हतं. तिने त्या चारही ग्लोबल ऑब्जेक्टना एकेका फंक्शनच्या आत नेऊन ठेवलं होतं. फंक्शनच्या आतलं स्टॅटिक ऑब्जेक्ट प्रोग्राम सुरू होताना तयार होत नाही. त्या फंक्शनला पहिली हाक गेली की तयार होतं, आणि पुढच्या प्रत्येक हाकेला तेच मिळतं. म्हणजे स्लिपने दर मागितला की रेट्स तयार होणार. तयार होताना ते लॉगला हाक मारणार, मग लॉग तयार होणार. लॉग कॉन्फिगला. कोणाच्या नावाचं आद्याक्षर काय, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही.

ही युक्ती काही तिने शोधलेली नव्हती. स्कॉट मेयर्सच्या 'इफेक्टिव्ह सी प्लस प्लस'मध्ये ती आहे, २००५ च्या तिसऱ्या आवृत्तीत चौथ्याच कलमात. ते पुस्तक मी अप्पा बळवंत चौकातून आणलेलं आहे आणि ते माझ्या टेबलावर, मॉनिटरच्या डाव्या बाजूला असतं. मॉनिटरची उंची नीट बसावी म्हणून काही वर्षं ते त्याच्या खालीही होतं. मी ते कलम वाचलेलं होतं. नुसतं वाचलेलं नाही, पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. वाचलेलं आणि आपल्या कोडला लागू होणारं, यांच्यामध्ये माझ्या डोक्यात एक भिंत होती आणि भिंतीवर ती 'सॉर्ट'ची ओळ टांगलेली होती.

मी बदलाखाली लिहिलं : चालतंय. गरज काय?

हे तीन शब्द मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा लिहिलेत की कीबोर्ड आपोआप लिहितो. त्यामागे तत्त्व आहे, आणि ते तत्त्व मी अजूनही टाकलेलं नाही. गावागावांत पसरलेल्या डब्यांमधला कोड उगाच हलवू नये. 'जरा नीटनेटकं केलं' म्हणून आलेले बदल मी आजही परत पाठवतो. पण या बदलाला मी ते तत्त्व लावलं तेव्हा मी कोड वाचलाच नव्हता. ओळींची संख्या बघितली, फाईलींची नावं बघितली आणि आपल्या खिळ्याला कोणीतरी हात लावतंय एवढं कळलं.

तिने खाली उत्तर दिलं नाही. टेबलाशी आली. "सर, गरज काय ते सांगू का? मला 'बिल' म्हणायचंय."

"अगं, पण मी तोडगा दिलाय ना."

"हो सर. झेडबिल." ती एवढंच म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. तोच शब्द दुसऱ्याच्या तोंडून साध्या आवाजात ऐकला आणि मला कुठेतरी टोचलं. तरीही मी म्हणालो, की बघतो, नीट कारणं देऊन लिहितो.

त्या संध्याकाळी मी खरोखर कारणं लिहायला बसलो. नकाराचीच. नकार द्यायचा तर बिनतोड द्यावा.

पहिलं कारण लिहिलं, वेग. प्रत्येक हाकेला 'तयार आहे का' ही तपासणी होणार. मग हिशेब केला. एका शेतकऱ्याचं माप, फॅट आणि पावती मिळून मिनिटभर तरी लागतं, आणि त्या मिनिटात ती तपासणी पाच-दहा वेळा होईल. मी ते कारण खोडलं. दुसरं लिहिलं, थ्रेड. वजनकाटा वाचणारा थ्रेड वेगळा आहे. दोघांनी एकदम पहिली हाक मारली तर? पण २०११ च्या मानकापासून भाषाच त्याची हमी देते, एक जण तयार करत असेल तर दुसरा थांबतो. आमचा कंपायलर ते पाळतो. खोडलं. तिसरं, दोघांनी एकमेकांना हाक मारली, गोल फिरलं तर? तर तो सुरू होतानाच अडकेल किंवा कोसळेल, आणि तेही माझ्या टेबलावर. जुन्या कोडमध्ये असला फेरा गपचूप शून्य घेऊन पुढे गेला असता. हे कारण तर माझ्याच विरुद्ध निघालं.

चौथं मात्र खरं होतं. बंद होण्याचा क्रम. असली ऑब्जेक्ट ज्या क्रमाने तयार होतात त्याच्या उलट क्रमाने मोडली जातात. कॉन्फिगच्या डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे मोडताना, 'सेटिंग्ज जतन केली' अशी एक ओळ लॉगमध्ये लिहिली जाते. पण लॉग तयार होताना कॉन्फिगला हाक मारतं, म्हणजे कॉन्फिग आधी तयार होणार, म्हणून मोडताना शेवटी राहणार. तोवर लॉग गेलेलं असणार. मेलेल्या लॉगमध्ये नोंद. सापडलं! मी ते झोकात लिहिलं, चार ओळींत, उदाहरणासकट, आणि पाठवायच्या आधी एकदा वाचलं.

वाचताना हळूहळू लक्षात आलं, की जुन्या कोडमध्येही तयार होण्याचा क्रम कॉन्फिग, लॉग, रेट्स, स्लिप हाच आहे. मोडण्याचा क्रम स्लिप, रेट्स, लॉग, कॉन्फिग. म्हणजे हा दोष तिच्या बदलात नव्याने आलेला नाही. तो २०१४ पासून तिथे आहे आणि तो माझा आहे. मी टेबलावरच्या डब्याचे जुने लॉग उघडले. डबे बहुतेक वेळा लाईट गेली किंवा बटण दाबलं की तसेच बंद होतात, तेव्हा मोडण्याचा प्रश्नच येत नाही. पण नवा बिल्ड चढवताना प्रोग्राम रीतसर बंद होतो. तिथे ती ओळ दिसायला हवी. एकाही लॉगमध्ये ती नव्हती. फाईल आधीच बंद झालेली, ओळ हवेत गेलेली. दहा वर्षं आमचा प्रोग्राम 'सेटिंग्ज जतन केली' असं सांगत होता, पण ते ऐकायला कोणी उरलेलंच नव्हतं.

त्यानंतर मला झोप येईना, म्हणून मी एक पोरकट वाटेल असा प्रयोग केला. चार फाईली चोवीस प्रकारे ओळीत लावता येतात. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी त्या चोवीस क्रमांनी प्रोग्राम लिंक करून चालवेल आणि तेच एक माप घालून पावती काढेल. आधी माझा कोड. काही क्रमांत तो सुरू होतानाच कोसळला. काहींत लॉगची फाईल उघडलीच नाही आणि बाकी सगळं साळसूदपणे चाललं. काहींत पावती आली, दर ०.००. त्या पावत्या स्क्रीनवर एकाखाली एक बघताना सोलापूरच्या त्या सकाळचा फोन कानात वाजला. चोवीसपैकी एकच क्रम धड चालला, आणि आम्ही नेमके त्याच एकावर उभे होतो. गणित साधं आहे, चौघांची सरळ साखळी असेल तर एकच क्रम बरोबर असणार, तेवीस चूक. कागदावर मांडायला अर्धं मिनिट लागलं असतं. दहा वर्षांत मी ते मांडलं नव्हतं.

मग तिचा बदल घेऊन तेच केलं. चोवीस पावत्या, अक्षर न् अक्षर सारख्या.

तरी मन पुरतं वळलं नव्हतं. वळवलं ते अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने. मेमरीतल्या चुका पकडणारं हे हत्यार आहे, आणि त्यात आरंभाचा क्रम तपासण्याची एक खास सोय आहे. या जातीची चूक सापडली की ते जो इशारा छापतं त्याचा शेवटचा शब्द 'फियास्को' असा आहे, कारण सी प्लस प्लसवाल्यांनी या चुकीचं नावच तसं ठेवलेलं आहे. मी ते माझ्या बरोबर क्रमावर, सॉर्ट केलेल्या, आद्याक्षरांसह सही केलेल्या क्रमावर चालवलं. साध्या तपासणीत ते गप्प राहिलं. कडक तपासणी लावली आणि लाल इशारा आला. कडक तपासणीत ते असं धरून चालतं, की मेनच्या आधी एका फाईलने दुसऱ्या फाईलच्या ग्लोबलला हात लावणं हीच चूक, मग तो तयार असो वा नसो. आज तयार सापडला ही तुमची पुण्याई, असा त्याचा अर्थ.

क्रम हीच व्यवस्था, असं मी सात वर्षं समजत होतो. क्रम काही वाईट गोष्ट नाही. विसर्जनाला मानाच्या पाच गणपतींचा क्रम पुण्यात पोराटोरांना पाठ असतो, पण तो उघडपणे ठरलेला आणि सगळ्यांनी मान्य केलेला क्रम आहे. आमचा क्रम कोडमध्ये कुठेच लिहिलेला नव्हता. रेट्सला लॉगची गरज आहे हे वाक्य कोडमध्ये कुठेही सापडलं नसतं. ते इंग्रजी वर्णमालेच्या आड लपलेलं होतं. तिच्या बदलाने गरज काढून टाकली नव्हती, ती तिथेच होती. ज्याला गरज आहे तो आता ती स्वतःच्या तोंडाने बोलत होता, एवढाच फरक. आणि गरज बोलली जायला लागली की ती लक्षात ठेवणाऱ्या माणसाची गरज संपते. माझ्या 'चालतंय'च्या मुळाशी हे होतं. ते त्या रात्री मला कळलं आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

दुसऱ्या दिवशी मी रिव्ह्यूमध्ये एकच मुद्दा ठेवला, चौथा. आणि त्याखाली लिहिलं, की हा दोष मुळात माझा आहे, पण आता हात घातलाच आहेस तर घे. तासाभरात तिने दोन ओळी बदलल्या. लॉग आता फंक्शनच्या आत 'न्यू' करून एका स्टॅटिक पॉइंटरमध्ये ठेवलेलं, आणि ते कधीच मोडायचं नाही. प्रोग्राम संपल्यावर मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम घेतेच.

"लीक म्हणून ओरडणार नाही?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण विचारलं.

"नाही सर, पॉइंटर शेवटपर्यंत हाताशी असतो. जे कोणाच्याच हाताला लागत नाही त्यालाच ते लीक धरतं."

मग आमची त्यावर बराच वेळ चर्चा झाली, आणि ती खऱ्या अर्थाने दोन प्रोग्रामरांची चर्चा होती. माझं म्हणणं, की हेही शेवटी ग्लोबलच, फक्त फंक्शनचा बुरखा घातलेलं. खरं चोख काम करायचं तर चारही ऑब्जेक्ट मेनमध्ये एकाखाली एक तयार करावेत आणि ज्याला लागेल त्याच्या हातात द्यावेत, म्हणजे क्रम असेल तर तो उघड्यावर लिहिलेला असेल. तिला ते पटलेलं होतं. पण त्यासाठी साठेक फाईलींना हात लावावा लागला असता. "तो बदल आणला असता तर तुम्ही पाहिलाही नसता, सर," ती म्हणाली. हेही खरं. माझं ते मत अजून कायम आहे आणि कधीतरी ते करूही. मग मी तिला जेरी श्वार्झची गोष्ट सांगितली. मेनच्या आधीसुद्धा पडद्यावर छापता यावं म्हणून त्यांनी आयओस्ट्रीमच्या हेडरमध्ये एक छोटा मोजणारा ऑब्जेक्ट घातला. हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाईलमध्ये तो जातो आणि जो आधी येईल तो कामाला लागतो. आमच्या आधी कितीतरी वर्षं लोक याच खड्ड्यात पडून वर आलेले होते. ती गोष्ट तिला माहीत नव्हती. मला थोडं बरं वाटलं, हेही कबूल करतो.

मी बदल मंजूर केला. मंजूर करताना डिफमध्ये वगळलेल्या ओळी लाल रंगात दिसतात. मेकफाईलमधली माझी कमेंट त्यात होती, मोठ्या अक्षरांची, आद्याक्षरं आणि २०१७ ची तारीख असलेली. बटण दाबायला मी गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

कमेंट गेली, पण 'सॉर्ट' हा शब्द तिने ठेवला होता. मी विचारलं, आता कशाला? आता नव्या मशीनवर मेक ४.३ आहे आणि त्याने २०२० मध्ये ती वर्णक्रमाची सवय परत धरली आहे. ती म्हणाली, डबे जुने, मशीन बदलत राहणार, फाईलींचा क्रम बदलला की बिल्डही बाइट न् बाइट सारखा येत नाही. एकच कोड दोन मशीनवर बिल्ड करून तुलना करता यावी, म्हणून राहू दे. डेबियनवाले पुन्हा तसाच बिल्ड काढता यावा म्हणून हेच सांगतात. माझ्या ओळीच्या जागी तिने छोट्या अक्षरांत नवी कमेंट लिहिली आहे : क्रमावर काही अवलंबून नाही, बिल्ड सारखा यावा म्हणून. खाली कोणाचीही आद्याक्षरं नाहीत.

पुढच्या आठवड्यात नवा बिल्ड आधीसारखाच एका केंद्रावर गेला. जुना प्रोग्राम बंद झाला, तो जुनाच असल्यामुळे त्याच्या लॉगमध्ये ती ओळ नव्हतीच. त्यानंतर एक किरकोळ दुरुस्ती चढवायची होती म्हणून नवा प्रोग्राम रीतसर बंद केला, आणि लॉगच्या शेवटी आलं : सेटिंग्ज जतन केली. मी ती ओळ तिला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "ही रोज नव्हती येत का?"

आता फोल्डरमध्ये एलएस केलं की सगळ्यात वर 'बिल' दिसतं.